शेवंताबाईंच्या छतावरचं यंत्र

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. नागपूरपलीकडच्या गोरेगावच्या रस्त्याला मी गप्प होतो, तर तिला वाटतं मला गाडी लागते — आणि मी ते तसंच राहू दिलंय.

माझं काम धुराचं. चिमणीतून निघालेला धूर वाऱ्यासोबत कुठे, किती उतरेल, याचा अंदाज संगणकातलं मॉडेल देतं. तो अंदाज खरा की खोटा, हे हवा मोजून ताडायचं. सोपं वाटतं ना?

गोरेगावजवळच्या एका राइस मिलला जुन्या बॉयलरच्या जागी भुशावरचा मोठा बॉयलर लावायचा होता; आधी जुन्याच्या धुरावर मॉडेल ताडायचं होतं. आम्ही आसपासच्या काही छतांवर हवा मोजायची यंत्रं बसवली. एक शेवंताबाईंच्या घरावर. पन्नाशीच्या, शेतीवाल्या. रोज शिडी चढून यंत्र बघायच्या, वहीत वेळ लिहायच्या. धूळ नको म्हणून त्या वर्षी त्यांनी छतावर मिरच्यासुद्धा वाळवल्या नाहीत.

मॉडेल म्हणत होतं, त्यांच्या घरापाशी हवा ठीक आहे. यंत्र म्हणत होतं — नाही. मॉडेलमध्ये भरलेला वारा नागपूरच्या नोंदींतला होता, त्या गावचा नव्हता. हे मला कळलं होतं. चांगलंच कळलं होतं.

आमचे साहेब म्हणाले, "एका छतासाठी सगळं पुन्हा करणार?"

मी 'हो' का म्हटलं नाही? ते नाराज होतील — एवढीच भीती. मी लिहिलं: 'देखरेखीतील हलगर्जीमुळे यंत्र वारंवार बंद, नोंदी ग्राह्य नाहीत.' मॉडेल उत्तम ठरलं. बॉयलर लागला.

यंत्र काढायला गेलो तेव्हा त्यांनाही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बंद कायले पडंल जी? मी त रोज पाहून राहिली होती."

"लक्ष राहिलं नसेल, बाई," मी म्हणालो.

आता तोच अहवाल प्रत्येक नव्या मिलच्या फायलीला जोडतात. हेच मॉडेल वापरा, म्हणतात — आणि वापरतो मीच. ती एक ओळ मागे घ्यायची, तर पुढच्या किती सह्या खोट्या ठरतील? सगळ्या माझ्याच. म्हणून पुन्हा सही करतो.

मागच्या हिवाळ्यात तिकडच्याच कोहमारा फाट्यावर शेवंताबाई भेटल्या. सोबत सून होती. मधेमधे खोकत तिला सांगू लागल्या, "हे ते मशीनवाले साहेब. माह्यं लक्ष नाही राहिलं, मशीन बंद पडली होती."

त्यांना आता ते खरं वाटतं.

मी 'नाही' म्हटलं नाही. होकारार्थी मान हलवली.