वाद्याच्या रकान्यात टाचण्या

टाचणीबाई शिट्टी वाजवते हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, फक्त तिच्या तोंडावर कुणी तसं म्हणत नसे. शेजारच्या घरातला नवरा घोरतो हे आपल्याला भिंतीतून कळलेलं असतं, तरी सकाळी जिन्यात भेटल्यावर आपण "काय, झोप झाली का?" एवढंच विचारतो. तसलाच हा प्रकार.

तिचं दुकान म्हणावं तर दुकान, कपाट म्हणावं तर कपाट. एका बाजूला चपला शिवणारा, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाला, मधे ही. शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल, ट्रायलसाठी उभं राहायला एक बुटकं स्टूल आणि त्याच्यासमोर आरसा. नवे कपडे ती शिवत नसे. लोकांचे जुने कपडे लोकांच्या नव्या पोटांना बसवून द्यायचे, हे तिचं काम. कोण सुटलंय, कोण वाळलंय, कुणाला लग्न ठरल्याबरोबर व्यायामाची आठवण झालीय, सगळी खबर तिच्या टेपवर. पण बाहेर एक अक्षर नाही, कारण तोंडात टाचण्या. ओठांच्या डाव्या कोपऱ्यात टाचण्यांचा झुबका, आणि उजव्या कोपऱ्यातून शिट्टी.

ही विद्या तिला तिच्या मावशीमुळे आली. मावशी शिवण शिकवायची आणि मुलींच्या बडबडीला कंटाळून त्यांच्या तोंडात टाचण्या धरायला द्यायची. बाकीच्या मुली गप्प झाल्या. हिला बोलता येईना तेव्हा हिने फुंकून पाहिलं. सूर निघाला. मावशीने पाठीत धपाटा घातला, सूर जरा वर गेला, थांबला मात्र नाही. तेव्हापासून टाचण्या तोंडातच. ती झोपतेही टाचण्या तोंडात धरून, असं तिची नणंद सांगायची. पण नणंदेच्या बातमीतला निम्मा माल नेहमी घरी तयार झालेला असतो.

शिट्टी काही नाक्यावरची नव्हे. सरळ शिवण असली की सूर सरळ जायचा, बाही लावताना गोल फिरायचा, उसवताना पायऱ्या उतरल्यासारखा खाली यायचा. गिऱ्हाईक स्टुलावर आरशाकडे तोंड करून उभं, ही खाली पायाशी बसून पॅन्ट टाचतेय, आणि शिट्टी चाललीय. गिऱ्हाईक श्वास रोखून ऐकायचं. काम झालं की खाली उतरून म्हणायचं, "आज उकडतंय, नाही?" आणि जायचं. इतक्या वर्षांत एकानेही मागे वळून "वा" म्हटलं नव्हतं. हे तिला लागायचं. पैसे, मान, हार-तुरे यांचं तिला काही नव्हतं. लोकांनी एकदा समोर बसावं, तिच्या तोंडाकडे बघावं आणि ऐकावं, एवढी एकच हौस तिच्या पोटात होती, आणि ती हौस ती टाचण्यांसारखीच घट्ट धरून होती.

मग एके दिवशी झेरॉक्सवाल्याच्या काचेवर हौशी संगीत स्पर्धेचे नियम लागले. नियम लिहिणारे औषधाच्या दुकानाचे मालक, म्हणजेच संगीत मंडळाचे सेक्रेटरी. जेवणाआधी की जेवणानंतर हे सांगता सांगता माणसाला जी सवय लागते, ती नियमांतही उतरलेली. स्पर्धक हौशी असावा. गायनात हातात किंवा तोंडात कोणतीही वस्तू नसावी. (आदल्या वर्षी एक गृहस्थ खोकल्याची गोळी चघळत गायले होते. गोळी सेक्रेटरींच्याच दुकानातली, पण नियमाला नातं-गोतं नसतं.) वादनात स्पर्धकाने आपलं वाद्य आपण आणावं.

टाचणीबाई औषधांच्या दुकानात जाऊन उभी राहिली.

"शिट्टी कशात येते?"

सेक्रेटरींनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणाची?"

"माझी."

"अहो, शिट्टी कशातच येत नाही. गायन म्हणावं तर शब्द नाहीत."

"मग वादनात घ्या."

"वाद्य कुठाय? बाई, वाद्य म्हणजे काय, तर ज्याच्याशिवाय सूरच निघत नाही, ते. तुमच्याकडे नुसतं तोंड आहे."

"नुसतं म्हणू नका. सगळी गल्ली चळाचळा कापते त्याला."

सेक्रेटरी हसले आणि तिथंच फसले. हसल्यावर माणसाला एकदम नाही म्हणता येत नाही. "बरं, गायनात घालू. आलाप समजू. पण आधी चाचणी द्या. आणि शिट्टीचे पैसे-बिसे घेत नाही ना? हौशी लागतो माणूस."

"शिट्टीचे घेत असते तर तुमच्या पॅन्टा फुकट करून दिल्या असत्या."

घरी ही बातमी तिच्या आधी पोचली होती. नणंद वाचनालयात कामाला, लोकांना गप्प करायचा तिला पगार मिळायचा आणि घरी ती तेच काम बिनपगारी करायची.

"वहिनी, स्टेजवर उभं राहून शिट्टी? बाईमाणसाने? उद्या वाचनालयात मी कुणाला शू म्हटलं की लोक म्हणतील, आधी घरी म्हणा!"

"म्हणा की, वन्सं. घरी कधी थांबलात?"

"दादा, तू तरी बोल!"

दादा, म्हणजे टाचणीबाईचा नवरा, दिवसभर डिलिव्हरीची व्हॅन चालवायचा. हॉर्न वाजवायचा त्याचा सगळा कोटा रस्त्यावरच संपायचा. तो म्हणाला, "भाजी वाढ," आणि ते नक्की कुणाला म्हणाला हे कुणालाच कळलं नाही.

चाचणी औषधाच्या दुकानावरच्या खोलीत. टाचणीबाई ठेवणीतले कपडे घालून, केस चापून-चोपून बसवून गेली. नियम तोंडपाठ होते, हातात-तोंडात काही नको. टाचण्यांची डबी तिने मुद्दाम दुकानात ठेवली. समोर सेक्रेटरी आणि दोन परीक्षक, तिघेही तिच्या तोंडाकडे बघत. याच क्षणासाठी तर सारा खटाटोप! तिने ओठांचा चंबू केला आणि फुंकर मारली.

फुस्स.

पुन्हा फुंकलं. फुस्स. उजवीकडून, डावीकडून, मान वाकडी करून. बाहेर नुसता वारा. एका परीक्षकाने समोरचा कागद उडू नये म्हणून त्यावर हात ठेवला. दुसऱ्याला हसू दाबताना ठसका लागला.

"हवा चांगली आली," सेक्रेटरी म्हणाले. "सूर नाही आला. असू द्या बाई, घरची गोष्ट वेगळी, स्टेजची वेगळी."

ती जिना उतरली तेव्हा कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. दुकानात आली, कपडेही न बदलता मशीनवर बसली. कुणाचा तरी पडदा आखूड करायचा होता. सवयीने हात डबीकडे गेला, टाचण्या ओठांत गेल्या, पाय पायडलवर पडला आणि खणखणीत सूर थेट झेरॉक्सच्या मशीनपलीकडे गेला. ती थांबली. टाचण्या काढल्या. फुंकलं. फुस्स. पुन्हा घातल्या. सूर! पुन्हा काढल्या, फुस्स. आयुष्यात टाचण्यांशिवाय तिने कधी शिट्टी वाजवूनच पाहिली नव्हती. गरजच पडली नव्हती. आपल्या ओठांचं हे गुपित इतक्या वर्षांनी तिला स्वतःलाच कळत होतं. पलीकडून चपला शिवणारा ओरडला, "काय चाललंय? रेडिओ बिघडला का?"

"रेडिओ आत्ता कुठे सुधारला!"

ती सेक्रेटरींकडे गेली नाही. तिला माहीत होतं, तेच येणार. स्पर्धेला घालायचा त्यांचा सूट तिच्याकडे होता, आणि मागच्या स्पर्धेपासून सेक्रेटरी चांगलेच भरले होते. ते आले, स्टुलावर चढले. तिने तोंडात झुबका धरला, गुडघ्यावर बसली आणि पॅन्ट टाचायला घेतली. एक पाय झाला, दुसरा झाला, कंबर झाली, मांडीलाही एक दोन जास्तीच्या लावल्या. हललं की टोचेल, अशी चोख व्यवस्था झाल्यावर तिने शिट्टी सुरू केली. सुरुवातीला सरळ शिवणीसारखी, मग बाहीसारखी गोल.

सेक्रेटरी आरशात बघत राहिले. सूर थांबल्यावर म्हणाले, "आज उकड..."

तिने झुबका तळहातावर काढला. "उकडत नाहीये. मागे वळा."

"कसा वळू? टाचण्या आहेत."

"हेच म्हणतेय मी. टाचण्या आहेत म्हणून सूर आहे." तिने समोर येऊन रिकाम्या ओठांनी फुंकलं. फुस्स. झुबका पुन्हा ओठांत धरला. सूर! मग तो काढून म्हणाली, "वाद्य म्हणजे ज्याच्याशिवाय सूर निघत नाही, ते. कोण म्हणालं होतं?"

"अहो, पण टाचणी हे काय वाद्य आहे?"

"मग परवा सूर का नाही निघाला? तुम्ही तिघं साक्षीदार. मला वादनात घ्या. वाद्य माझं आहे, मीच घेऊन येणार, भाड्याचंही नाही."

"लोक हसतील."

"हसू देत. तुमच्या खोलीत हसले, मी काय विरघळले?"

"परीक्षकांना काय सांगू?"

"त्यांच्यापुढे फुंकलं तेव्हा टाचण्या नव्हत्या, म्हणावं. आणि तुम्हीच नियम मोडलात तर काचेवर कशाला लावले? काढून टाका. मला पडद्याला अस्तर म्हणून होतील."

सेक्रेटरींनी एक पाय उचलून पाहिला, टोचलं, पुन्हा ठेवला. माणूस नियमाचा खरा होता, हेही मान्य केलं पाहिजे. स्वतःचीच व्याख्या समोर आली तेव्हा त्याला ती गिळवेना आणि थुंकवेना. शेवटी तो म्हणाला, "लिहितो. वाद्य, टाचण्या. पण गिळल्यात तर मंडळ जबाबदार नाही."

"गिळल्या तर तुमच्याच दुकानात येईन औषधाला. उतरा आता. हळू."

स्पर्धेच्या दिवशी सभागृह भरलं. "वादन. वाद्य, टाचण्या," असं पुकारलं आणि हशाची लाटच उठली. टाचणीबाई माइकपाशी आली, डबी उघडली, झुबका ओठांत धरला. हशा वाढला. तिने शांतपणे टाचण्या पुन्हा बाहेर काढल्या.

"हसून घ्या," ती माइकमध्ये म्हणाली. "मला घाई नाही. दुकान बंद करून आलेय."

आणि खरंच कमरेवर हात ठेवून उभी राहिली. हशा ओसरला. मागून कोणीतरी एकटंच खिदळत होतं. तेवढ्यात शेवटच्या रांगेतून असा काही "शूऽऽ" आला की छताचे पंखेसुद्धा दचकले असतील. वाचनालयाच्या सगळ्या नोकरीत नणंदेने इतका कडक शू काढला नव्हता. येणार नाही, येणार नाही म्हणत ती आली होती.

टाचणीबाईने वाजवलं. तिला एकच चाल येत होती, तिचीच, मशीनच्या ठेक्यावर जुळलेली. पाय स्टेजच्या फळीवर पायडलसारखा चालू होता. सूर सरळ गेला, वळला, आणि उसवणीसारखा टाका टाका खाली उतरला. समोरची माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. आरसा नव्हता, पाठ नव्हती. नुसती तोंडं होती, काही उघडी राहिलेली. त्यात तिच्या गिऱ्हाइकांची कितीतरी. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा "उकडतंय" कुणी म्हणालं नाही.

बक्षीस मिळालं नाही. बक्षीस बासरीवाल्याला गेलं. परीक्षकांनी शेरा दिला, "सूर उत्तम, वाद्य शंकास्पद." शेरा वाचून ती म्हणाली, "सूर उत्तम, एवढंच कापून घेते. बाकीचं आल्टर करता येईल."

पुढच्या वर्षी झेरॉक्सवाल्याच्या काचेवर नवे नियम लागले. शेवटी एक ताजा नियम होता : वादनात तोंडात धरायची कोणतीही टोकदार वस्तू वाद्य म्हणून मान्य होणार नाही.

चपला शिवणाऱ्याला वाटलं, ही आता रडणार. तिने मात्र त्या नियमाची एक झेरॉक्स काढून घेतली आणि दुकानात आरशाच्या शेजारी चिकटवली. जो येईल त्याला दाखवायची. "बघा. सगळ्या मंडळात माझ्या एकटीसाठी नियम केलाय. बासरीवाल्यासाठी केलाय का कुणी?"

त्या संध्याकाळी नणंद दुकानात आली तर टाचणीबाई ओठांत शर्टाची बटणं धरून फुंकत होती. फुस्स, फुस्स, आणि मधेच बारीकसा सूर.

"नियमात बटणाचं काही नाही," ती ओठ न हलवता म्हणाली.

नणंदेने पर्स टेबलावर ठेवली आणि कपाळाला हात लावला. "वहिनी, बटण गुळगुळीत. वरच्या पट्टीत गेलात की गिळाल." मग तिने ड्रॉवर ओढला, आत चाचपलं, आणि हुकांचं पाकीट काढून पुढे सरकवलं. "हे धरा. हूक बोथट असतो."