आमची तनू आपली बरी खेळते

अलका माझी मैत्रीण नव्हे, शेजारीण आहे. मैत्रिणीचं एक वेळ लपून राहतं, शेजारणीचं काही लपत नाही. इंग्लंडात, लेस्टरमध्ये आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, आणि तीही अशी पातळ, की पलीकडे कुणी शिंकलं तर इकडे आपण रुमाल शोधावा. त्यामुळे अलका कुणावर जळते, किती जळते आणि कशामुळे जळते, हे मला तिच्या नवऱ्याच्या आधी कळतं.

ती जळते कस्तुरीवर. कस्तुरी इथेच जन्मलेली, डॉक्टर आईबापांची डॉक्टर मुलगी. हॉस्पिटलमध्ये पेशंटना भूल देते. अलका लग्न होऊन सांगलीहून आलेली, एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला बसते. दोघींच्या मुली एकाच शाळेत, एकाच वर्गात. अलकाची तनू, कस्तुरीची मालविका. इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग दोन्ही पोरींना एकदमच व्हॉलीबॉलचं वेड लागलं आणि माझ्या भिंतीपलीकडची शांतता संपली.

व्हॉलीबॉलला लागतं काय, एक जाळी आणि एक बॉल. सांगलीत अलकाच्या शाळेमागे पोरं दोन बांबूंना जाळी बांधून फुकट खेळायची. इथे क्लब असतो. क्लबची दर महिन्याची फी, गुडघ्याचे पॅड, वेगळे शूज, क्लबच्या रंगाचे कपडे, बाहेरगावच्या मॅचेस, आणि मॅच लांब असली की हॉटेलात मुक्काम. अलकाने त्यासाठी शनिवारची जादा ड्यूटी धरली. भाचीच्या लग्नाला भारतात जायचं रद्द केलं आणि बहिणीला रजा मिळत नाही म्हणून सांगितलं. कस्तुरीने मात्र अख्ख्या वर्षाची फी एकदम भरली, आणि एकदम भरली म्हणून क्लबने तिला सूट दिली.

हे कळलं त्या संध्याकाळी अलका माझ्याकडे आली आणि चहा गार होईपर्यंत बोलत राहिली. "रश्मीताई, ज्यांना गरज नाही त्यांनाच डिस्काउंट! हा कुठला न्याय? वर मालविकाला संडेला प्रायव्हेट कोचिंग. शूज दर सीझनला नवे. आमची तनू सेकंडहँड शूज घालते तरी तक्रार नाही. आणि परवा कस्तुरीने तिला लिफ्ट दिली, तर घरी येऊन मला काय सांगते? मम्मी, त्यांच्या गाडीत सीट गरम होते!" ती गरम सीट अलकाला पुढे कित्येक दिवस चटके देत होती.

पण हे सगळं माझ्या स्वयंपाकघरात. कस्तुरी समोर आली की अलका दुसरीच बाई. मंडळाच्या गणपतीला दोघी भेटल्या की ही सुरू करणार, "तुमची मालविका काय गुणी हो! आमच्या तनूचं काय, ती आपली बरी खेळते. घाबरट आहे जरा." आता आपल्याकडे याचा एक ठरलेला रिवाज आहे. आपलं पोर आपण चारचौघांत खाली ठेवायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही. आणि समोरच्याने ते लगेच उचलून डोक्यावर घ्यायचं. "छे हो, काहीतरीच काय, तनू किती हुशार आहे!" असं म्हणायचं. मी नेहमी म्हणते. माझी आई म्हणायची, तिची आई म्हणायची. कस्तुरी तेवढं म्हणत नाही. कारण तिला हा रिवाजच ठाऊक नाही. ती अलकाचं ऐकून खरोखर काळजीत पडते आणि म्हणते, "ओह, पुअर तनू! डोन्ट वरी अलका, कॉन्फिडन्स येईल हळूहळू." खाली ठेवलेलं पोर खालीच राहतं. वर मालविकाचं विचारलं तर सरळ सांगते, "मालविका इज डुइंग ब्रिलियंटली." स्वतःच्या मुलीबद्दल! अलका घरी येऊन भांडी आपटते, ती मला ऐकू येतात.

मी अलकाला एकदा म्हटलं होतं, "अगं, तिला कळत नाही, तर तू म्हणतेस कशाला?" तर माझ्याकडे अशी बघायला लागली, जसं काही मी तिला अनवाणी ऑफिसला जायला सांगितलं.

मार्चमध्ये ट्रायल आली. सोळा वर्षांखालच्या मुलींची क्लबची मोठी टीम, जी देशभरातल्या स्पर्धांना जाते, तिच्यासाठी मुली निवडायच्या होत्या. तनू आणि मालविका दोघी सेटर. म्हणजे टीमने अडवलेला बॉल बोटांनी अलगद नेटजवळ असा वर द्यायचा, की दुसरीने उडी मारून तो पलीकडे हाणावा. टीममध्ये सेटर दोन. एक जागा जुन्या मुलीची पक्की होती, राहिली एक. पुढच्या वर्षी दोघी वयात बसणार नव्हत्या. म्हणजे आता नाही तर या टीममध्ये कधीच नाही. तनू आठवडाभर आमच्या सामाईक भिंतीवर बॉल मारत होती. मी एका शब्दाने बोलले नाही.

त्या शनिवारी अलकाची गाडी वार्षिक तपासणीला, एमओटीला, दिलेली होती, म्हणून मायलेकींना मीच स्पोर्ट्स सेंटरला घेऊन गेले. हॉलमध्ये बाकांवर आईबाप ओळीने बसलेले. कस्तुरी आमच्या शेजारीच येऊन बसली, नाइट ड्यूटी करून थेट आलेली, तरी केस जागच्या जागी. अलकाने ते केस पाहिले आणि स्वतःच्या केसांवरून हात फिरवला.

मला व्हॉलीबॉलमधलं फारसं कळत नाही. पण मालविका उंच, बॉलपर्यंत लवकर पोचायची, आणि तनूचे हात मऊ होते, हे मलाही दिसत होतं. मालविकाने दिलेला बॉल कधी पुढे जायचा, कधी मागे. तनूचा बॉल त्याच जागी वर जाऊन क्षणभर थांबल्यासारखा वाटायचा, आणि मारणारी पोर सावकाश येऊन मारायची. एकदा तर तनू पडता पडता गुडघ्यांवर बसली आणि तिथूनही बॉल जिथे हवा तिथेच गेला. हॉलमधल्या दोन-तीन अनोळखी आयांनी टाळ्या वाजवल्या.

अलकाने नाही वाजवल्या. तिने पदर नसताना पदर घ्यावा तसा स्कार्फ तोंडावर धरला होता, आणि तिचे डोळे भरले होते. मला मूलबाळ नाही. असं कुणाकडे बघायला मला कुणी नाही. अलका कस्तुरीवर जळते तशी मी तेव्हा अलकावर जळले, चांगली पोट दुखेपर्यंत. ते तिला कळलं नाही. भिंतीतून फक्त आवाज जातात.

"जागा ही घेणार," ती माझ्या कानात म्हणाली. "रश्मीताई, आज ही घेणारच. त्या मालविकाच्या तिप्पट आहे माझी पोर." मी म्हटलं, "हो गं." आणि या खेपेला ते रिवाज म्हणून म्हटलं नव्हतं.

खेळ संपल्यावर कोच बाकांकडे आली. हेलन नाव तिचं, चाळिशीची, बोलायला गोड. ती कस्तुरीला थोडं बाजूला घेऊन बोलली. कस्तुरीचा आवाज मला ऐकू आला: मालविका प्रेशरमध्येच चांगली खेळते, तिला ही जागा मनापासून हवी आहे, ती तुम्हाला निराश करणार नाही. अलकाने ओठ मुडपले. "शायनिंग," ती पुटपुटली.

मग हेलन अलकाजवळ आली. इंग्रजीत म्हणाली, दोघी फार जवळजवळ आहेत, मला ठरवणं जड जातंय. आमचं वेळापत्रक कडक असतं, मॅचमध्ये ताण असतो. तुम्ही तिला रोज बघता. तनूला हे झेपेल असं तुम्हाला वाटतं?

आता बोल, मी मनात म्हटलं. आता बोल बाई.

अलका हसली. मंडळाच्या गणपतीत हसते तशीच मान कलती करून हसली, आणि ते वाक्य तिच्या तोंडातून बाहेर पडलं. इंग्रजीत होतं, पण तेच होतं. आमच्या तनूचं काय, ती आपली बरी खेळते. घाबरट आहे जरा. खरी हुशार म्हणाल तर ती मालविका.

मग ती थांबली. हेलनकडे बघत उभी राहिली. मला ठाऊक आहे ती कशाची वाट बघत होती. हेलनने "छे हो, काहीतरीच काय" म्हणायची.

हेलनने अलकाच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, इतकं प्रामाणिकपणे सांगितलंत, थँक यू. फार थोडे पालक असं सांगतात.

"नो, नो, आय मीन," अलका म्हणाली, पण हेलन वळलेली होती. मी अलकाला ढकललं, "जा, सांग तिला!" ती दोन पावलं गेली आणि परत आली. "काय सांगू? माझी मुलगी चांगली आहे असं सांगू? मीच? आपणच आपल्या तोंडाने?"

थोड्या वेळाने हेलनने नावं वाचली. दुसरी सेटर मालविका. तनूला तिने जवळ बोलावून सांगितलं की तुझे हात सुंदर आहेत, पण तुझ्यावर उगाच ताण नको असं तुझ्या आईलाही वाटतं. तू बुधवारच्या मजेच्या ग्रुपमध्ये येत राहा. कस्तुरीने येऊन अलकाला घट्ट मिठी मारली. "हेलनने मला सांगितलं, तू मालविकाबद्दल किती छान बोललीस. यू आर सो जेनरस, अलका. मला नसतं जमलं." अलका तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. असा चेहरा मी मयताच्या घरीही पाहिलेला नाही.

गाडीत तनू मागे बसली. गाडी नॅरबरो रोडला लागली. मग ती म्हणाली, "मम्मी, तू हेलनला सांगितला की मी घाबरट आहे?"

"अगं, तसं म्हणायचं असतं."

"का?"

"आपल्यात म्हणतात तसं. आपलं आपण मोठं करायचं नसतं, तनू. समोरच्याने करायचं असतं."

"मला वाटायचं तू ते फक्त मंडळात बोलते. मग मला वाटायला लागलं की तुला खरंच तसं वाटतं. आणि आज तर कोचला बोललीस."

अलका सीटबेल्ट ताणून मागे वळली. जे इतकी वर्षं माझ्या स्वयंपाकघरात ओतत होती ते सगळं तिने एका दमात पोरीसमोर ओतलं. "तू तिच्यापेक्षा किती तरी चांगली खेळतेस! तिला बॉल धड वर देता येत नाही. पैसे आहेत, उंची आहे, आईला बोलता येतं, म्हणून घेतली तिला. ती जागा तुझी होती. मी डोळ्यांनी बघत होते, तुझी होती!"

"यू आर जस्ट जेलस, मम्मी."

"हो, जळते!" अलका म्हणाली. "जळते मी तिच्यावर. म्हणून काय खोटं बोलते?"

आरशात मला तनू दिसत होती. ती रडत नव्हती, आईकडे नीट बघत होती.

"मग हेलनला खोटं बोललीस?"

अलका माझ्याकडे वळली. "रश्मीताई, तुम्ही सांगा हिला. तुम्ही पाहिलंत ना, किती छान खेळली?"

"फार छान खेळलीस गं तनू," मी म्हटलं. अगदी खरं म्हटलं.

"थँक यू, आंटी," तनू म्हणाली, आणि खिडकीबाहेर बघायला लागली. "तुम्ही नेहमीच म्हणता."