बिनचेहऱ्याचे सासरे

हाती घेतलेले काम अर्धवट टाकण्याची कला देवाने बहुधा सगळ्यांनाच दिली आहे. माझ्या साडभाऊंना तेवढी द्यायची तो विसरला. स्वतःचे तर सोडाच, हे गृहस्थ दुसऱ्यांची अर्धवट कामेसुद्धा तडीस नेत. एकदा नागपूरहून वर्ध्याला येताना डब्यातल्या एका अनोळखी माणसाने आपल्या मुलीचे लग्न कसे जमले ते सांगायला घेतले. वर्धा आले तेव्हा गोष्ट मानपानाच्या भांडणापाशी अडली होती. साडभाऊ उतरलेच नाहीत. लग्न लागेपर्यंत बसून राहिले आणि पुलगावला उतरून परतीच्या गाडीची वाट पाहत फलाटावर ताटकळले. मी हसलो तर उलट मलाच म्हणाले, "मांडवाच्या दारातून उठून येऊ का, मास्तर?" माझ्या बायकोने तीन वर्षांपूर्वी अर्धवट टाकून दिलेला स्वेटर त्यांनी, आधी विणकाम शिकून, पुरा केला. तो मला काखेत काचतो, पण त्याला दोन्ही बाह्या आहेत.

साडभाऊ हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर मार्का आणि नंबर रंगवायचे. दिवसभर काळी अक्षरे काढून हात भरला की घरी येऊन मांजरपाटाला सफेदा लावत आणि चित्रे काढीत. वेणा नदीचा घाट, बैलबंड्या, रुईने पांढरे झालेले मजूर, असे काहीबाही. चित्रे मला तरी बरी वाटत. आणि प्रत्येक चित्र पुरे झालेले असे, हे वेगळे सांगायला नकोच.

अशा माणसाचे एक चित्र अडले. तेही आमच्या सासऱ्यांचे.

आम्हा दोघांची सासू आंजीला राहायची. आम्ही तिला मामी म्हणत असू. वांग्याच्या वाडीवर तिने दोन मुली वाढवल्या, शिकवल्या आणि एक माझ्या, एक साडभाऊंच्या गळ्यात बांधली. सासरे साथीच्या तापात गेले तेव्हा साडभाऊंची बायको चार वर्षांची होती आणि माझी पाळण्यात. त्यांचा एकही फोटो नव्हता. मामीचा एक डोळा आधीच गेला होता. ही गोष्ट घडली त्या वर्षी वर्ध्याच्या डॉक्टरांनी दुसरा तपासला आणि काचबिंदू आहे, हाही फार तर सहा महिने चालेल, असे सांगून टाकले. मामी रडली नाही. परत येताना बैलबंडीत एवढेच म्हणाली, "जवाईबापू, तुमी चित्रं काढता नं? डोया जायच्या आंधी मले एक डाव त्याइले पाह्याचं हाय."

साडभाऊंनी दुसऱ्याच दिवशी मांजरपाट ताणले. पंधरा दिवसांत धोतर झाले, सदरा झाला, पागोटे झाले, पायातल्या वहाणांचे टाकेसुद्धा झाले. चेहऱ्याच्या जागी मात्र पांढरा सफेदा. तो भरायचा म्हणून साडभाऊ रविवारी रविवारी आंजीला जाऊन साक्षी गोळा करू लागले. सासऱ्यांचे चुलतभाऊ म्हणाले, "थेट माह्यासारका होता." शेजारचे पाटील म्हणाले, नाक आपल्यासारखे होते. न्हावी म्हणाला, तोंड आठवत नाही, पण मिशी आपल्या बापाने कोरलेली होती आणि ती फर्स्टक्लास होती. जो तो स्वतःचेच तोंड सांगत होता. साडभाऊंनी एकामागून एक आठ चेहरे काढले आणि टर्पेंटाइनने पुसले. सातवा तर इतका हुबेहूब पाटील झाला होता की खुद्द पाटील तो मागायला आले.

चार महिने गेले. बिनचेहऱ्याचे सासरे स्वयंपाकघराच्या दारात उजेडाला उभे असत. भाकरी थापताना अंगावर काटा येतो म्हणून साडभाऊंच्या बायकोने त्यांच्या डोक्यावरून दुपट्टा टाकला होता. पुसून पुसून कापड विरत चालले होते. मी मास्तरकीच्या सवयीने म्हणालो, "एखादा बरासा चेहरा काढा आणि मोकळे व्हा. तिला थोडेच नीट दिसणार आहे?"

साडभाऊ माझ्यावर कधी रागावले नव्हते, ते त्या दिवशी रागावले. "तिले दिसन का नाई ते डोयाचं काम हाय. माह्यं काम मी करून राह्यलो. तिच्या शेवटच्या नजरेत मी दुसराच मानूस उभा करू का?"

मला माझी लाज वाटली. पुढच्या रविवारी मीही त्यांच्याबरोबर आंजीला गेलो, चित्र बंडीत उभे धरून. साडभाऊंनी ते ओसरीत ठेवले आणि जे पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते ते विचारले. "मामी, गावभर पुसलं. तुमाले पुसलंच नाई. कसे दिसत होते ते?"

मामीने पदराचे टोक पिळले. मग म्हणाली, "मले का मालूम?"

आम्ही दोघे बघतच राहिलो.

"काऊन पाह्यता असे? घरात सासू, सासरा, दोन भासरे. वर पाह्याची सोय होती का? ताट वाढलं त खाली पाहून, बोलली त दाराआडून. आठ वर्साचा संसार, पन तोंडाकडं नीट पाह्यलंच नाई. म्हनून त पाह्याचं होतं, बापू. वाटलं, गावाले तरी याद असन."

मी तर सरळ बंडी जुंपायच्या विचारात होतो. साडभाऊ तिथेच मामीच्या समोर मांडी घालून बसले. हार मानणे त्यांना माहीतच नव्हते. "बरं," ते म्हणाले, "तोंड राहू द्या. ते आठवले त डोयापुढं काय येते?"

"पाठ," मामी लगेच म्हणाली. आणि मग तिला थांबवणे कठीण झाले. बाजारच्या दिवशी सासरे पुढे आणि वांग्याची पाटी घेऊन ती दहा पावले मागे. डावा खांदा जरा उतरलेला. पागोट्याचा शेमला नेहमी सुटलेला. टाचेला भेग. "अन् नाल्यापाशी आलो का थांबत. मांगं पाहत नसत, लोकं असत नं वाटेनं. पन हात मांगं करत. मी धरला का मंग पानी उतरत."

साडभाऊंनी आठ दिवसांची रजा टाकली. जुन्या चित्राकडे पाहिलेसुद्धा नाही, नवे मांजरपाट घेतले. आठव्या दिवशी आम्ही ते आंजीला नेऊन भर उन्हात अंगणात धरले. नाला, पाणी, काठावर एक पाठमोरा माणूस आणि मागे केलेला त्याचा हात. मामी अगदी नाकाजवळ जाऊन एका डोळ्याने इंच इंच पाहू लागली. खांद्यापाशी आली आणि तिने झटकन डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग हळूच आपला हात त्या हातावर ठेवला. "थांबले नं," ती म्हणाली. साडभाऊ नाक शिंकरायला गोठ्यात गेले.

महिन्याभराने तिची नजर गेली. त्यानंतर ती चार वर्षे जगली. रोज सकाळी भिंत चाचपत यायची आणि त्या हाताला हात लावायची. तेवढाच रंग झिजायचा. दर दिवाळीला साडभाऊ ब्रश घेऊन आंजीला जायचे आणि झिजलेली बोटे पुन्हा काढायचे.

आता ते चित्र माझ्या घरी आहे. मामी गेली त्या वर्षी बोटे पार पुसून मांजरपाट दिसू लागले होते. दिवाळीला साडभाऊ फराळाला आले तेव्हा मी आपण होऊन रंगाची डबी पुढे केली आणि म्हणालो, तेवढे पुरे करून टाका. त्यांनी ब्रश हातात घेतला, त्या पाठमोऱ्या माणसासमोर उभे राहिले आणि ब्रश कोरडाच परत दिला.

"राहू द्या, मास्तर," ते म्हणाले. "हात धरलेला हाय."