खांबांपाशी काढलेलं झुडूप

टर्पेंटाइनचा वास आला की जे आठवतं, ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वडीगोद्रीच्या एका हॉटेलमालकासाठी, मला चित्रकला शिकवणारे उस्ताद आणि मी एका जुन्या विलायती चित्राची नक्कल करत होतो. पडक्या देवळाचे उंच खांब, संध्याकाळचं पिवळं ऊन आणि खांबांच्या पायथ्याशी बसलेला मेंढपाळ. उस्तादांनी मेंढपाळाच्या जागी हिरव्या लुगड्यातली आपली वारलेली बायको काढली. तिचा एकही फोटो नव्हता. "सावली हाय इथं, बसू दे तिला," म्हणाले. उस्तादांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, तेवढ्या चेहऱ्याला त्यांना आठ दिवस लागले. मालकानं मला एकट्याला गाठलं. "ही कोण बाई आणून बसवली विलायतेत? लोक हसतील. जल्दी मिटवा." उस्तादांना न विचारता मी तिच्यावर झुडूप रंगवलं. चित्र टांगलं त्या दिवशी उस्ताद अगदी जवळ गेले, त्या जागेवरून बोट फिरवत राहिले, मग म्हणाले, "झाड बराबर जमलंय तुला." त्यानंतर त्यांनी ब्रश हातात धरला नाही, आणि दोन वर्षांत गेले. चित्र अजून हॉटेलच्या त्याच भिंतीवर आहे. खालचा रंग तेव्हा पुरता वाळलेला होता, म्हणजे चेहरा आत शाबूत असणार. ते झुडूप माझ्या हातानं खरवडून काढायचं अजून राहिलंय.