मी – धाड – पण गेले

ब्रेकमास्तरांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली आणि उरलेल्या अर्ध्या गावाला त्यांच्यापासून वाचवलं.

शिकाऊ गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक असतो. मास्तरांची हयात त्या ब्रेकवर गेली. कुत्रं आलं, दाबला. वळण आलं, दाबला. शिकणाऱ्याच्या मनात नुसतं काही आलं, तरी दाबला. गाडी पुढे नेणं कोणालाही जमतं, थांबवायला अक्कल लागते, असं त्यांचं म्हणणं. आणि ते म्हणणं कधीही 'मी सांगतो' शिवाय सुरू व्हायचं नाही. 'मी सांगतो, पाऊस येणार.' 'मी सांगतो, चहा गोड झालाय.' चहा गोड झालेलाच असायचा. पण मास्तरांनी सांगेपर्यंत त्याला मंजुरी नसायची.

बायको कवळ्या करायची. मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. दाताचे डॉक्टर तोंडांची मापं पाठवायचे. ती त्यांत प्लास्टर ओतायची, साचा काढायची, त्यावर मेणाच्या हिरड्या घडवायची आणि मेणात एकेक दात रोवायची. टेबलावर कायम पाच-सहा जबडे हसत असायचे. मास्तर खोलीत शिरताना त्यांना हात जोडायचे. "सासरची मंडळी," म्हणायचे. हा विनोद लग्नाइतकाच जुना होता, आणि बायको आता त्यावर फक्त हातातल्या कवळीच्या कडा घासत राहायची.

जुन्या साच्यांना जागा करायला ती एकदा माळ्यावर चढली. खाली उतरली तेव्हा तिच्या केसांत जळमटं होती आणि हातात एक कॅसेट.

'बिनदाराचं घर'. वेष्टनावर केस वाढवलेले चार तरुण, आणि मधोमध केस कापलेली एक बाई. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम आणि आत्मा. त्यांच्या कॉलेजच्या काळात ही कॅसेट ज्याच्या-त्याच्याकडे होती. घरोघरी वडीलमाणसांना वाटायचं, पोरं बिघडली. पोरं दार लावून मोक्षाबद्दल ऐकत असायची.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मास्तर म्हणाले होते, "मी सांगतो, हा गोंगाट आहे." त्यांनी टेप बंद केली. कॅसेट माळ्यावर गेली. भांडण झालं नाही. म्हणून मास्तर ते विसरून गेले.

घरातला टेपरेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला होता. पण शिकाऊ गाडी जुनी होती. तिच्यात कॅसेट लागायची. दुपारी मास्तरांच्या दोन शिकवण्यांमध्ये गाडी अंगणात उभी असायची. बायको जाऊन तिच्यात बसू लागली. थेट चालकाच्या सीटवर. एका हातात कवळी, दुसऱ्या हातात पॉलिश पेपर, आणि काचा वर.

पहिल्या दिवशी मास्तर खिडकीतून बघत राहिले. गाडी हलत होती. बायको मान हलवत होती. मांडीवरची कवळीही ठेक्यात होती.

ते जवळ गेले. आतून बाईचा घोगरा आवाज आला.

*खोली भाड्याची, सोडून जायची,*
*सामान कशाला बांधू?*

त्यावर बायकोचा आवाज. बायको गाते हे मास्तरांना माहीत नव्हतं. त्यांनी काचेवर टकटक केली. तिने काच बोटभर खाली केली.

"काय?"

"काही नाही. मी म्हटलं, उकडत असेल."

"नाही उकडत." काच वर गेली.

पहिले दोन दिवस मास्तरांना काही वाटलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिसरं गाणं नीट ऐकलं. त्यात ती घोगरी बाई आधी कुजबुजत होती, मग गुणगुणत होती, आणि शेवटी गळ्याच्या शिरा ताणून ओरडत होती: *मी* – इथे ड्रमवर एक दणका, धाड – *पण गेले!*

मी, धाड, पण गेले. मी, धाड, पण गेले. पुन्हा पुन्हा. आणि मास्तरांची बायको प्रत्येक दणक्याला स्टिअरिंगवर थाप मारत होती.

मास्तर दोन पावलं मागे सरले. कारण 'पण'.

समोरच्या फोटोग्राफरची बायको नुकतीच घर सोडून गेली होती. एक बॅग घेतली, भावाकडे गेली, झालं. फोटोग्राफर तेव्हापासून रात्रीचं जेवायला मास्तरांकडे येत होता. गावातल्या प्रत्येक लग्नात त्याने "हसा, आणखी जवळ या" म्हटलेलं. आता तो ताटाकडे बघून मान हलवायचा.

"कळलंच नाही मला, मास्तर. गुणगुणायला लागली होती. तेव्हाच ओळखायला हवं होतं."

"गुणगुणत होती?"

"महिनाभर. मला वाटलं, खूश आहे."

"खूशच होती," मागच्या खोलीतून बायकोचा आवाज आला.

त्या दिवशी मास्तरांना जेवण गेलं नाही. फोटोग्राफरने त्यांच्या वाट्याचंही संपवलं.

संकटं एकटी येत नाहीत. कॅसेट गाडीत अडकली. बटण दाबलं तरी बाहेर येईना, आणि गाडी सुरू केली की आपोआप वाजायला लागायची. मास्तरांचे सगळे विद्यार्थी आता 'बिनदाराचं घर' ऐकत क्लच सोडायला शिकू लागले. पोस्टातल्या एका कारकुनाने तर चौकात मधोमध गाडी बंद पाडली आणि काळजीने विचारलं, "मास्तर, ही बाई गेली तरी कुठे हो?"

"पुढे बघा!" मास्तर ओरडले. मग हळूच म्हणाले, "आधी दुसरी कोणीतरी गेली असणार. ही तिच्या मागोमाग."

"अरेरे," कारकून म्हणाला.

आणि त्याच आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, मला गाडी शिकवा."

मास्तरांनी कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत तिने कधी हे विचारलं नव्हतं. म्हणजे, विचारलं होतं. नव्या नवलाईत. तेव्हा मास्तर हसून म्हणाले होते, "मी आहे ना!" आता तेच म्हणावंसं वाटलं, पण तोंडून निघालं ते वेगळंच.

"कशाला?"

"कशाला म्हणजे? गावाला शिकवता. मला नको?"

नाही म्हणावं तर ही आजच जायची. हो म्हणावं तर शिकून जायची. मास्तरांनी मधला मार्ग काढला. शिकवायचं, पण येऊ द्यायचं नाही.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी कपाटावरची प्रवासाची बॅग उचलली आणि फोटोग्राफरच्या स्टुडिओत पडद्यामागे लपवली. पडद्यावर धबधबा रंगवलेला होता.

"ठेवा, ठेवा," फोटोग्राफर म्हणाला. "मी नाही लपवली. चुकलोच."

संध्याकाळी बायकोने विचारलं, "बॅग कुठे गेली?"

"कुठली बॅग?" मास्तरांच्या कानशिलावरून घाम ओघळला.

"अहो, आपल्याकडे एकच आहे. जबडे पोचवायचेत डॉक्टरांकडे."

"मी पोचवतो. तू कशाला जातेस कुठे? बस. पाणी आणू का?"

बायकोने त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला. मग म्हणाली, "जरा सरका. उजेड अडवताय."

शिकवणी गावाबाहेरच्या मैदानावर सुरू झाली. मास्तर शेजारी बसायचे. बायको पहिला गिअर टाकायची, क्लच हळूहळू सोडायची, अगदी छान सोडायची, आणि गाडी हलली रे हलली की मास्तर चोरून आपला ब्रेक दाबायचे. गाडी आचका देऊन बंद.

"असं कसं झालं?"

"होतं सुरुवातीला. क्लच घाईत सुटला तुझा."

"घाईत? कवळीत दात बसवते मी, अहो. केसाइतका फरक कळतो माझ्या हाताला."

"हात वेगळा, पाय वेगळा. मी सांगतो."

पुन्हा गिअर, पुन्हा क्लच, पुन्हा आचका. टेपवर ती बाई प्रत्येक आचक्याला 'मी –' म्हणून थांबायची आणि गाडी सुरू झाली की पुढचा दणका द्यायची. असे बरेच दिवस गेले. मैदानाच्या एका टोकाच्या बाभळीपासून गाडी दुसऱ्या टोकापर्यंत कधी गेलीच नाही. बायकोचं गाणं कमी झालं. स्टिअरिंगवरच्या थापा थांबल्या. मास्तरांना सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घरी मागच्या खोलीत ती गप्प बसून मेण तापवायची, आणि जबडे तेवढे हसायचे.

"मला नाहीच येणार बहुतेक," ती एकदा म्हणाली. "वय झालं असेल. राहू दे."

मास्तर इतकी वर्षं गाडी शिकवत होते. हे वाक्य त्यांनी प्रत्येक शिकणाऱ्याच्या तोंडून ऐकलं होतं, आणि प्रत्येकाला त्यांनी एकच उत्तर दिलं होतं: 'मी सांगतो, येणार.' आज ते उत्तर जिभेवर आलं. त्यांनी ते गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या पायाची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर ती शेवटचा प्रयत्न म्हणून बसली. किल्ली फिरवली. टेप सुरू झाली, नेमकी तिसऱ्या गाण्याच्या शेवटाला. गिअर टाकला. गाडी हलली. मास्तरांचा पाय उचलला गेला, आणि तितक्यात बायकोने गाण्याबरोबर, जणू निरोपच, हलक्या आवाजात म्हटलं, "मी," स्टिअरिंगवर एक थाप, "पण गेले."

मास्तरांचा बांध फुटला. पाय ब्रेकवर पडला. गाडी धाडकन थांबली.

"कुठे?" ते ओरडले. "कुठे गेलीस? अजून इथेच आहेस ना! सांगून तरी जा! समोरची न सांगता गेली, निदान तू तरी सांग!"

बायको त्यांच्याकडे वळली. "काय बोलताय?"

"मी पण गेले, मी पण गेले! रोज ऐकतोय मी! ती गेली म्हणून तू पण!"

गाडीबरोबर टेपही बंद पडली होती. बायकोने स्टिअरिंगवरचे हात काढले. मग तिचे खांदे हलायला लागले. मास्तरांना वाटलं, रडते आहे. ती हसत होती. हसता हसता तिचं कपाळ हॉर्नवर टेकलं आणि मैदानावरचे सगळे कावळे उडाले.

"अहो," ती डोळे पुसत म्हणाली, "मी पण नाही हो! मीपण! एक शब्द आहे तो. मीपणा. अहंकार. तो गेला, असं म्हणते ती."

"मग मध्ये थांबते कशाला?"

"ड्रमवाला मध्ये घुसतो, त्याला ती काय करणार?"

मास्तरांनी टेपकडे संशयाने पाहिलं. मग त्यांनी शेवटचा मुद्दा काढला. "मग 'गेलं' म्हणायला हवं. मीपण गेलं. 'गेले' कशाला?"

"गाण्यात 'गेले' म्हणतात."

"मी सांगतो, चूक आहे ते."

"बघा," बायको म्हणाली, "मीपण शेजारी बसलंय, आणि मी ते टेपमध्ये शोधतेय."

मास्तर हसले. मनापासून हसले, पाय ताणून हसले. त्या ताणलेल्या पायाकडे बायकोची नजर गेली. तो अजून ब्रेकवर होता. तिने पायाकडे बघितलं, मग मास्तरांकडे, मग पुन्हा पायाकडे. हसणं विरलं.

"हा पाय कधीपासून तिथे आहे?"

मास्तरांनी पाय काढला. फार उशिरा काढला.

"पहिल्या दिवसापासून?"

"मला वाटलं, तू शिकलीस की..."

"मी रात्र-रात्र विचार केला, माझ्या पायांत काय खोट आहे!" तिचा आवाज चढला. "आणि खरं सांगू? घर सोडावंसं वाटलं होतं मला. एकदा. तुम्ही टेप बंद केलीत ना, त्या आठवड्यात. पार दारापर्यंत गेले होते."

"मग?" मास्तरांचा आवाज अगदी लहान झाला.

"मग काय? गाडी कुठे येत होती मला?" तिने मान दाराकडे उडवली. "उतरा."

"अगं..."

"उतरा म्हणते ना!"

मास्तर उतरले. दार लावलं गेलं. गाडी सुरू झाली, आतून गिटार गरजली, आणि गाडी बाभळीपासून निघाली ती लोण्यातून सुरी जावी तशी. पहिला गिअर, दुसरा. मैदानाच्या कडेने वळली. तिसरा. मास्तर धुळीत उभे राहून बघत होते. वळण घेताना तिने वेग कमी केला, अगदी हवा तेवढाच. एकही आचका नाही. मास्तरांनी हजारो माणसं शिकवली होती, पण असा क्लच त्यांनी फार थोड्यांचा पाहिला होता. गाडी मैदानाच्या फाटकापाशी गेली. फाटक उघडं होतं, पलीकडे मोठा रस्ता. मास्तरांचा पाय आपोआप धुळीत दाबला गेला.

गाडी फाटकापाशी जरा रेंगाळली. मग उलटी आली. सरळ रेषेत, आरशात बघत, थेट मास्तरांपर्यंत. उलटी गाडी त्यांनी तिला शिकवलीच नव्हती.

काच खाली झाली.

"कशी चालवली?"

मास्तरांनी तोंड उघडलं. 'मी सांगतो' ओठांवर आलं होतं. ते तिथेच अडकलं.

"छान," ते म्हणाले. एवढंच.

तिने शेजारचं दार उघडलं. "बसा. पण पाय वर."

"वर म्हणजे?"

"सीटवर. मांडी घाला."

मास्तर सीटवर मांडी घालून बसले. गुडघा दाराला लागत होता, डोकं छताला. हातांना करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून त्यांनी ते मांडीवर उताणे ठेवले. गाडी फाटकातून मोठ्या रस्त्यावर आली. समोरून पोस्टातला कारकून सायकलवरून येत होता. मांडी घालून, डोळे गच्च मिटून बसलेले मास्तर त्याला दिसले, आणि तो अदबीने बाजूला झाला.

"कुठे जायचंय?" मास्तरांनी डोळे न उघडता विचारलं.

"आधी फोटोग्राफरकडे," बायको म्हणाली. "आपली बॅग त्याच्या धबधब्यामागे आहे, काल मला म्हणाला. पुढचं नंतर बघू. आणि आता गप्प बसा, गाणं लागलंय."