परबचा चीन आणि आमचा जळफळाट

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो. आठ तास एकाच पत्र्याखाली वीस माणसं घाला आणि वर्षभराने विचारा, पोतंभर निघतील! आमचा कारखाना मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. प्लॅस्टिकची बटणं पाडायची मशिनं आम्ही बनवायचो. मी फिटर, शेजारच्या बेंचवर परब, तोही फिटर. ऐंशीच्या दशकात हाँगकाँगचा एक व्यापारी आमची मशिनं चीनमध्ये विकायला लागला आणि आमच्या वर्कशॉपची शांतता गेली. या सगळ्या किश्शांत मी जळलोय. आधीच सांगून टाकतो.

*

पहिली मशिनं गेली शेन्झेनला. हाँगकाँगला लागूनच, तिथे नवे नवे कारखाने निघत होते. मशिनं बसवून द्यायला आमच्याकडचा एक फिटर जाणार होता. परबपेक्षा मी चार वर्षांनी सीनियर. मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली. मॅनेजर कुलकर्णी साहेबांनी दोघांना केबिनमध्ये बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला, "पासपोर्ट कोणाकडे आहे?"

परबकडे होता! दुबईच्या नोकरीसाठी काढलेला. दुबई बोंबलली, पासपोर्ट ट्रंकेत पडून राहिला.

वाकोल्याला घरी येऊन मी बायकोपुढे तणतणलो. ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "रेशनकार्डावर माझं नाव चढवायला तुम्हाला तीन वर्षं लागली. तुमच्या पासपोर्टसाठी चीनने किती थांबायचं?"

*

महिन्याभराने परबचं पत्र आलं, सगळ्या शॉपच्या नावाने. कोणीतरी ते नोटीस बोर्डावर लावलं. लिहिलं होतं, इथे कामगारांचा पगार वर्षात दोनदा वाढला. मोर्चा नाही, घेराव नाही. शेजारचा कारखाना माणसं पळवतो म्हणून मालक आपणहून वाढवतो!

जेवणाच्या सुट्टीत सगळे बोर्डासमोर उभे. माझा तर डबाच उघडायचा राहिला.

तेवढ्यात आमचे शेट केबिनमधून तरातरा आले. "ए, ये कागज निकालो!" दुसऱ्या बाजूने युनियनचा सेक्रेटरी धावत आला. "काढा रे ते आधी! मोर्चाशिवाय पगार वाढतो म्हटल्यावर आम्हाला वर्गणी कोण देईल?"

बारा वर्षांच्या नोकरीत शेट आणि युनियनचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

*

परब परतला तो फुलाफुलांचा थर्मास घेऊन. जायच्या आधी चहा माझ्यातला अर्धा प्यायचा, आता स्वतःच्या थर्मासातून गरम पाणी प्यायला लागला. तेही सावकाश, सगळ्यांना दिसेल असं! मला तो थर्मास फोडावासा वाटायचा.

एकदा तो सांगायला लागला. शेन्झेनला मशीनवर एक अठरा वर्षांची पोरगी होती. तिचा बाप लांब, आतल्या भागात मास्तर. पोरीचा पगार बापाच्या दुपटीहून जास्त! नंतर परब त्या आतल्या भागातही एक मशीन बसवून आला होता. तेच मशीन, तेच बटण, पण पगार निम्म्याहून कमी. आणि तिथून शेन्झेनला जायचं म्हटलं तर त्यांच्याच देशात त्यांना पास काढावा लागतो.

मी विचारलं, "मग शेन्झेनचं नाव काढलं की ते लोक कसे बघतात रे?"

परबने थर्मासचं झाकण लावलं. "आता तू माझ्याकडे कसो बघतंस? तसेच बघतत!"

*

पगारवाढीची बोलणी चालू असताना सेक्रेटरीने मग परबचाच आधार घेतला. शेटपुढे टेबलावर हात आपटून म्हणाला, "चीनमध्ये दोन भाव आहेत, शेन्झेनचा आणि आतल्या भागाचा. आम्हाला शेन्झेनच्या हिशोबाने द्या!"

शेट उठले, खिडकी उघडली आणि आरे कॉलनीच्या दिशेने बोट दाखवलं. "ते काय दिसते?"

"म्हशी," सेक्रेटरी म्हणाला.

"म्हशी दिसते ना? मग तू आतला भाग!"

*

त्यानंतरची गोष्ट. शेन्झेनला मोठी ऑर्डर निघाली. एक फिटर वर्षभरासाठी हवा होता, पगार तिथल्या हिशोबाने. या वेळी पासपोर्ट माझ्याकडेही होता! बायकोने स्वेटर विणायला घेतला होता. निवड करायला चीनहून एक म्हातारे साहेब आणि दुभाष्या असे दोघे आले. परबने आणि मी मशीनमध्ये एकेक डाय, म्हणजे बटणांचा साचा, बसवून दाखवायची, बस. मी ते काम झोपेतही केलं असतं.

आता आमच्याकडचा एक रिवाज सांगायला हवा. ऑफिसचा माणूस स्टॉपवॉच घेऊन पाठीशी उभा राहिला की आमचे हात आपोआप जड व्हायचे. कारण त्या दिवशी जेवढा वेळ लागेल, तेवढाच पुढे कायमचा ठरायचा. बारा वर्षांची सवय!

म्हाताऱ्याने खिशातून स्टॉपवॉच काढलं.

मला कळत होतं, ही माझी परीक्षा आहे. पण हात ऐकेनात. मी बोल्ट पुसला, परत पुसला. स्पॅनर बदलला. डायला तेल दिलं, लांबून बघितलं. तिकडे परबने शेन्झेनची सवय दाखवली, धडाधड काम संपवून हात पुसत उभा! मी अजून दुसऱ्या बोल्टवर. घाम फुटला, तरी हात काही हलेनात.

माझी डाय बसेपर्यंत म्हातारा शांतपणे उभा राहिला. मग जवळ आला, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ काहीतरी बोलला. दुभाष्याने कुलकर्णी साहेबांना इंग्रजीत सांगितलं. साहेब माझ्याकडे न बघता म्हणाले,

"ते म्हणतायत, मी आतल्या भागात वीस वर्षं फिटर होतो. घड्याळ दिसलं की मीही असाच बोल्ट पुसत बसायचो. म्हणूनच तुम्हाला नेता येत नाही."