सात मिनिटांत चार शेडनेट

"ही नोंद कोणालाच बदलता येत नाही, मॅडम," म्हणत बियाणे कंपनीच्या मॅनेजरनं लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

देऊळगाव राजाच्या कोर्टात न्यायाधीशांसमोर समझोत्याची बैठक चालू होती. माझ्या अशील कमलबाई शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, कंपनीसाठी मिरचीचं बियाणं पिकवतात. फुलाफुलावर हातानं पराग लावायचा. याला आमच्याकडे क्रॉसिंग म्हणतात. त्यांचा लॉट शुद्धतेच्या चाचणीत नापास झाला आणि कंपनीनं त्यांचं काम तीन हंगामांसाठी बंद केलं.

नापास पिशवी कमलबाईंचीच, याचा पुरावा एकच, ब्लॉकचेन. म्हणजे अनेक कॉम्प्युटरवर एकाच वेळी ठेवलेली नोंदवही. एकदा लिहिलेलं तिथं गुपचूप खोडता येत नाही.

"मशीन खोटं बोलत नाही, मावशी," मॅनेजर म्हणाला.

"मशीन माह्या नेटमदी आलतं का, भाऊ?" कमलबाईंनी विचारलं.

माल उचलला त्या दिवशीच्या सगळ्या नोंदी मी मागितल्या. करारात स्पष्ट होतं: पिशवीला क्यूआर टॅग शेडनेटवरच, शेतकऱ्यासमोर लावायचा. नोंदींत चार गावांतल्या चार बायांच्या पिशव्या होत्या. पहिल्या स्कॅनपासून शेवटच्यापर्यंत सात मिनिटं.

"सात मिनिटांत चार गावं? हेलिकॉप्टर ठेवलंय का?" मी विचारलं.

मॅनेजरनं सोबत आलेल्या, टॅग लावणाऱ्या सुपरवायझरकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "चौघींचा माल एकाच ऑटोत येते, साहेब. टॅग कंपनीच्या सेंटरवरच लावतो. ऊन लय असते."

म्हणजे कोणता टॅग कोणाच्या पिशवीला लागला, हे सांगणारं कोणीच नव्हतं.

न्यायाधीशांनी मला विचारलं, "मग नोंद खोडायची का?"

"नाही साहेब. खोडायची सोय झाली, तर उद्या कंपनीही खोडेल. खाली दुरुस्तीची नोंद घाला, कारणासह. जुनी उघडली की आधी दुरुस्ती दिसली पाहिजे."

"सिस्टिममध्ये तसा ऑप्शन नाही," मॅनेजर म्हणाला.

"मग बनवा. तुमच्या सिस्टिममध्ये ऑप्शन नाही म्हणून माणसाचा हक्क संपत नाही."

मॅनेजर बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. त्याच दुपारी बंदी मागे घेतल्याचं आणि दुरुस्तीची नोंद घालण्याचं लेखी झालं. आता टॅग शेडनेटवर लागतो, लावणाऱ्याच्या नावासह, आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवरचा ओटीपी टाकल्याशिवाय नोंद पुढे जात नाही. काळा कोट चढवून मला तेव्हा चारच महिने झाले होते. त्या कागदाची झेरॉक्स मी अजून जपून ठेवली आहे.

ब्लॉकचेनसाठी कायदा करणाऱ्यांनी एक कलम सगळ्यात आधी लिहावं: नोंद बदलली नाही, एवढ्यावरून ती खरी ठरत नाही, ती खरी असल्याचं नोंद करणाऱ्यानं सिद्ध करावं.

नापास बियाणं कोणाचं होतं, हे आजही कोणाला माहीत नाही. ती जुनी नोंद मात्र कायमची सुरक्षित आहे.